११ वर्षांत १४० तास

प्रश्न: आम्ही एका मोठ्या तलावाकाठी राहायला आलो त्याला दोन वर्षं झाली. मुलं ९ आणि १३ वर्षांची आहेत. स्वतःची बोट घ्यायची हे ठरलं आहे, पण नवी की जुनी यावर गाडं अडलंय. यजमानांना नवी १९ फुटी बोट हवी आहे. त्यासाठी कर्ज काढावं लागेल. मी शोधलेली बोट तेवढ्याच लांबीची, ११ वर्षं जुनी आहे आणि नव्याच्या निम्म्याहून कमी किमतीत मिळते आहे. मात्र ती घेतली तर साठवलेले सगळे पैसे त्यात जातील. मालक म्हणतात, मागे लावलेलं ११५ अश्वशक्तीचं इंजीन फक्त १४० तास चाललं आहे, तेही गोड्या पाण्यात, आणि एरवी बोट शेडमध्ये ट्रेलरवर असते. यजमानांचा एकच सवाल आहे, मुलं बरोबर असताना भर पाण्यात बंद पडलं तर? मला वाटतं, इतकी कमी वापरलेली बोट पुन्हा मिळणार नाही. कोणाचं ऐकावं? — एक वाचक

उत्तर:

ज्या आकड्याचा तुम्हाला मोह पडला आहे, नेमकी त्याच आकड्यापाशी मी थांबले. ११ वर्षांत १४० तास म्हणजे वर्षाला जेमतेम १३ तास. हौसेने बोट बाळगणारी कुटुंबं वर्षाला साधारण ५० ते १०० तास बोट चालवतात. त्या मानाने ही बोट पाण्यात फारशी गेलेलीच नाही. गाडी घेताना आपण कमी किलोमीटर बघून खूश होतो आणि ते बऱ्याच अंशी बरोबर असतं. बोटीचं इंजीन मात्र चालून झिजतं त्यापेक्षा नुसतं पडून जास्त बिघडतं.

पेट्रोल टाकीत काही महिने तसंच राहिलं की उतरतं आणि त्याचा चिकट थर इंधनाच्या बारीक वाटांमध्ये बसतो. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेलं असेल तर ते हवेतला ओलावा ओढून घेतं. पाणी पुरेसं साठलं की इथेनॉल आणि पाणी वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं, आणि इंजीन नेमकं तळातूनच ओढतं. इंजिनाला थंड ठेवणारं पाणी वर ढकलायला आत एक रबरी चक्र असतं, त्याला इम्पेलर म्हणतात. त्याची पाती मुडपलेल्या स्थितीत बसवलेली असतात. वर्षभर हललीच नाहीत तर तशीच मुडपून कडक होतात आणि एके दिवशी तुटतात. रबरी नळ्या चिरतात, सील सुकतात. म्हणून माझ्यासारखीला ८ वर्षांची, ६०० तास चाललेली, दर हंगामाला सर्व्हिसिंग झालेली आणि त्याच्या पावत्या जपून ठेवलेली बोट जास्त भरवशाची वाटते. मालकांना पहिला प्रश्न विचारा तो पावत्यांचा. ११ वर्षांत इम्पेलर किती वेळा बदलला? गिअरकेसचं, म्हणजे इंजिनाच्या खालच्या गिअरपेटीचं तेल कधी बदललं? बोट उभी करून ठेवण्याआधी इंधनाचं काय करत होता? ज्याने मनापासून निगा राखली आहे, त्याला ही उत्तरं आठवावी लागत नाहीत.

आता तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर. पहिली बोट जुनीच घ्या, या बाबतीत मी तुमच्या बाजूने आहे. पण साठवलेला शेवटचा पैसा घालून घेऊ नका, आणि यजमानांच्या भीतीला ‘उगाच शंका काढतात’ म्हणून बाजूला सारू नका. त्यांचा प्रश्न या सगळ्या पत्रातला सर्वांत शहाणा प्रश्न आहे. फक्त त्याचं उत्तर ‘नवी बोट’ हे नाही. भर पाण्यात बंद पडते ती निगा न राखलेली बोट, आणि निगा राखायला हाताशी पैसे उरावे लागतात.

हे पैशांचं आधी सांगते, कारण बहुतेक कुटुंबं इथेच अडचणीत येतात. बोटीच्या किमतीच्या साधारण १० टक्के रक्कम दर वर्षी तिच्यावर खर्च होते, असा एक ढोबळ हिशेब बोटवाल्यांमध्ये पूर्वापार चालत आला आहे. त्यात विमा, जागेचं भाडं, सर्व्हिसिंग, इंधन, दुरुस्ती असं सगळं आलं. जुनी बोट घेणारा माणूस हे १० टक्के त्याने मोजलेल्या किमतीवर काढतो आणि तिथेच फसतो. इंजीन तेच, त्याचे सुटे भाग त्याच किमतीचे, मेकॅनिकची मजुरीही तीच. बोट निम्म्या किमतीत मिळाली म्हणून तिची सर्व्हिसिंग निम्म्यात होत नाही. तेव्हा तीच बोट आज नवी केवढ्याला आहे ते बघा आणि त्यावर हिशेब करा. माझं स्वतःचं मत त्याहून कडक आहे. जुन्या बोटीसाठी जेवढी रक्कम बाजूला काढली असेल, तिचा एक चतुर्थांश भाग खरेदीत घालायचाच नाही. तो पहिल्या वर्षासाठी आहे, कारण पहिल्याच वर्षी बॅटरी, नळ्या, पंप, ट्रेलरचे टायर अशी एकेक गोष्ट मान टाकते. तुमच्या बाबतीत याचा अर्थ सरळ आहे. एकतर मालकांनी किंमत तेवढी खाली आणायला हवी, नाहीतर तुम्ही याहून स्वस्त, बहुधा थोडी लहान बोट शोधायला हवी. १९ फुटांचा हट्ट सोडून १६-१७ फुटांची चांगली बोट घेतलीत तर मुलांच्या आनंदात काही उणं पडणार नाही.

नव्या बोटीबद्दलही न्यायाने बोलायला हवं. तिचा कोणताही पूर्वेतिहास नसतो, ही फार मोठी गोष्ट आहे. कोणी खडकावर आपटली होती का, इंजिनात पाणी गेलं होतं का, हे प्रश्नच उद्भवत नाहीत. वॉरंटी असते. पण वॉरंटीचा कागद घरी आणून शांतपणे वाचा. सांगाड्याची मुदत वेगळी, इंजिनाची वेगळी, बाकीच्या जोडणीची आणखी वेगळी असते. शिवाय ठरलेल्या वेळी सर्व्हिसिंग झाल्याचा पुरावा मागितला जातो. नव्या आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावलेल्या इंजिनाची पहिली सर्व्हिसिंग बहुतेक कंपन्या साधारण २० तासांनंतर सांगतात आणि मग दर १०० तासांनी किंवा वर्षाने, जे आधी येईल तेव्हा. आणि नवी बोट पहिल्या हंगामात त्रास देतच नाही, असंही नाही. एखादी वायर सैल राहिलेली असते, एखादा झरोका गळतो. फरक एवढाच की दुरुस्तीचे पैसे तुमच्या खिशातून जात नाहीत. वेळ जातो.

नवी घेऊ नका म्हणते ती कर्जामुळे. नव्या बोटीची किंमत पहिल्या काही वर्षांत सर्वांत वेगाने उतरते. कर्जाची मूळ रक्कम मात्र सुरुवातीच्या हप्त्यांमध्ये हळूहळू कमी होते, कारण त्या हप्त्यांतला मोठा वाटा व्याजाचा असतो. त्यामुळे दोन-तीन वर्षांनी बोट विकायची वेळ आली तर विकून आलेल्या पैशांत कर्जही फिटू नये, अशी गत होऊ शकते. आणि पहिली बोट विकायची वेळ येतेच. कोणी पहिल्या बोटीवर मासेमारी करायची असं ठरवतं आणि मुलं पाण्यावर घसरायच्या खेळात रमतात. कोणाला कळतं की छत नसलेल्या बोटीत चार तास बसवत नाही. आपल्याला बोटीकडून काय हवं आहे, हे बोट चालवायला लागल्यावरच समजतं. ते शिकायला जुनी बोट बरी. किमतीतली मोठी घसरण तिच्या पहिल्या मालकाने सोसलेली असते, त्यामुळे नीट ठेवलीत तर दोन हंगामांनी ती फार नुकसान न होता विकता येते. पैसे हाताशी असते, बोट दहा-बारा वर्षं ठेवायचीच असती आणि यंत्राशी झटापट करायची मुळीच आवड नसती, तर मी नवी घ्या म्हटलं असतं.

आता तुम्ही शोधलेल्या बोटीकडे येते. ती बाद करा असं मी म्हणत नाही. पण ती तुम्हाला पारखावी लागेल, आणि पारखायची सुरुवात इंजिनापासून करू नका. बोटीच्या मागच्या पाटीपासून करा.

ही मागची उभी पाटी, म्हणजे ट्रान्सम, इंजिनाचा सगळा भार पेलते. तुम्ही सांगता त्या ताकदीच्या इंजिनाचं वजनच पावणेदोनशे किलोच्या आसपास असतं, आणि वेगात जाताना ते पाटीला जोर लावतं तो वेगळाच. बऱ्याच फायबरच्या बोटींमध्ये या पाटीच्या पोटात प्लायवुड असतं आणि दोन्ही बाजूंनी फायबरचं कवच. जोवर कवच अखंड आहे तोवर प्लायवुड वर्षानुवर्षं टिकतं. पण इंजिनाचे बोल्ट, शिडीचे स्क्रू, मासे शोधणाऱ्या यंत्राची वायर या प्रत्येकासाठी कोणीतरी भोक पाडलेलं असतं. त्यातलं एक जरी नीट बुजवलेलं नसलं तरी पाणी आत झिरपतं आणि लाकूड आतल्या आत कुजतं. बाहेरून काहीच दिसत नाही.

माझी पहिली बोट ९ वर्षांची होती. वरून आरशासारखी चकचकीत. आम्ही दोघांनी तिच्या गाद्या बघितल्या, रंग बघितला, इंजीन एकदा घरघरवून घेतलं आणि पैसे देऊन मोकळे झालो. पुढच्या हंगामात इंजिनाच्या बोल्टांच्या खालून तपकिरी पाणी ओघळायला लागलं. मेकॅनिकने तिथल्या भोकात स्क्रूड्रायव्हर घातला तर तो मुठीपर्यंत आत गेला. लाकडाचा भुगा झाला होता. मागची पाटी नव्याने बांधायला बोटीच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त खर्च आला, आणि मुलांची अख्खी सुट्टी बोट कारखान्यात पडून राहिली. विकणाऱ्याने आम्हाला फसवलं असं मला आजही वाटत नाही. त्यालाही ते ठाऊक नसणार. ठोकून बघायचं असतं हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून मी तुम्हाला इतकं पोटतिडकीने सांगते आहे.

कडक प्लास्टिकचा छोटा हातोडा किंवा स्क्रूड्रायव्हरची मूठ घ्या आणि पाटी इंच-इंच हलक्या हाताने ठोका. घट्ट जागी खणखणीत, टणक आवाज येतो. कुजलेल्या किंवा थर सुटलेल्या जागी आवाज बद्द होतो. कान लगेच शिकतो, कारण फरक ठळक असतो. मग इंजीन अर्धवट वर उचलून त्याच्या खालच्या टोकावर हाताने जोर द्या आणि दुसऱ्या माणसाला पाटीकडे बघायला सांगा. पाटी लवली, बोल्टांभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा उघडमीट करताना दिसल्या, तर तिथेच नमस्कार करून निघा. बोटीत चढून फरशीवरही जड पावलांनी चाला. कुठे पाय मऊ लागला तर खालचं लाकूड गेलं.

बोटीचं बूड बघायला ती पाण्याबाहेर हवी. तुमची बोट शेडमध्ये ट्रेलरवर असेल तर उत्तम. ज्या बोटी वर्षाचे अनेक महिने पाण्यातच असतात, त्यांच्या बुडाला फोड येतात. बाहेरच्या गुळगुळीत थरातून पाणी आत झिरपतं, आतल्या रसायनांत मिसळतं आणि त्या द्रवाचा दाब वाढून फोड वर येतो. तो फोडला तर आंबूस वास येतो. थोडे फोड म्हणजे बोट गेली असं नाही, पण सगळं बूड फोडांनी भरलं असेल तर वरचा थर सोलून, बूड महिनोन् महिने वाळवून, पुन्हा थर चढवावे लागतात. ट्रेलरवर राहिलेल्या बोटीत हे सहसा दिसत नाही, म्हणून मालकांचं शेडचं म्हणणं खरं असेल तर ती तुमच्या बाजूची गोष्ट आहे.

‘फक्त गोड्या पाण्यात’ हे म्हणणं मात्र तपासता येतं. इंजिनाच्या पाण्यातल्या भागावर धातूचे राखाडी ठोकळे बसवलेले असतात, त्यांना अॅनोड म्हणतात. पाण्यातल्या विद्युत-रासायनिक क्रियेत इंजिनाच्या ऐवजी ते झिजावेत, एवढंच त्यांचं काम. खाऱ्या पाण्यासाठी जस्ताचे लावतात, गोड्या पाण्यासाठी मॅग्नेशियमचे, आणि ॲल्युमिनियमचे दोन्हीकडे चालतात. या इंजिनावर जस्ताचे दिसले तर मालकांना शांतपणे विचारा, हे कसे? इंजिनाचं झाकण काढून बोल्टांच्या कडेला पांढरी भुरभुरीत पूड आहे का, ट्रेलरच्या दांड्यावर खोल गंज आहे का, तेही बघा. मीठ लपत नाही. अॅनोड अजिबात झिजलेलेच नसतील तर हरखून जाऊ नका. ते रंगवून टाकलेले असू शकतात, आणि रंगवलेला अॅनोड काम करत नाही.

इंजिनाची परीक्षा मेकॅनिकवर सोपवा, पण तीन गोष्टी तुमच्या डोळ्यांदेखत व्हायला हव्यात. गिअरकेसचा खालचा स्क्रू सैल करून तेलाचे थेंब काढायचे. दुधाळ दिसलं तर आत पाणी जातंय. प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजायचा. नुसता आकडा किती यापेक्षा सिलिंडरांमध्ये एकमेकांत फरक किती हे महत्त्वाचं. तो साधारण १० टक्क्यांच्या आत असावा. तिसरी, इंजिनाच्या संगणकाला जोडून चाललेले तास वाचायचे. या वयाच्या बहुतेक इंजिनांत ती नोंद असते. पुढचा मीटर बदलता येतो, आतली नोंद बदलणं इतकं सोपं नसतं. १४० हा आकडा खरा निघाला तर वर सांगितलेले पडून राहिल्याचे परिणाम शोधा, आणि खोटा निघाला तर पुढचं बोलणंच नको.

मग बोट पाण्यात न्या. पाण्यात चालवून दाखवायला नकार देणाऱ्याकडून बोट घेऊ नये, यात मी तसूभरही तडजोड करणार नाही. तुम्ही पोचाल तेव्हा इंजीन थंड हवं. गरम इंजीन कसंही सुरू होतं, खरी परीक्षा थंड इंजिनाची. सुरू झाल्यावर मागून पाण्याची बारीक चूळ सतत बाहेर पडते का ते बघा. तीच सांगते की इम्पेलर जिवंत आहे. घरची चौघं बसतील तेवढं वजन बोटीत ठेवा आणि मोकळ्या पाण्यात पूर्ण वेग द्या. इंजिनाच्या पुस्तिकेत पूर्ण वेगाला फेऱ्यांचा एक पट्टा दिलेला असतो, इंजीन त्या पट्ट्यात पोचायला हवं. पोचत नसेल तर बोट ढकलणारा पंखा चुकीचा आहे किंवा इंजीन थकलं आहे. जोरात वळवा, थांबवा, मागे घ्या. बोटीच्या तळात किती पाणी आहे ते निघण्याआधी बघा आणि परतल्यावर पुन्हा बघा.

हे सगळं तुम्ही केलंत तरी स्वतंत्र सर्व्हेयर, म्हणजे बोट तपासून अहवाल देणारा जाणकार, लावाच. तो तुम्ही शोधलेला आणि तुम्ही पैसे दिलेला असावा, विकणाऱ्याने सुचवलेला नको. जुन्या बोटीचा विमा उतरवताना कंपन्या पुष्कळदा त्याचा अहवाल मागतातच. इसार देताना कागदावर स्पष्ट लिहून घ्या की सर्व्हे आणि पाण्यावरची चाचणी समाधानकारक झाली तरच व्यवहार, नाहीतर इसार परत. अहवालात दोष निघणारच, ११ वर्षांच्या बोटीत ते असतातच. त्यांची यादी हातात असली की किमतीवर बोलायला आधार मिळतो. तुमचा तो एक चतुर्थांश भाग बहुधा इथूनच सुटेल.

कागदपत्रांचं थोडक्यात. ट्रान्समच्या उजव्या बाजूला वरच्या कोपऱ्यात बोटीचा ओळखक्रमांक कोरलेला असतो. तो कागदांवरच्या क्रमांकाशी अक्षरन् अक्षर जुळवा. इंजिनाचा आणि ट्रेलरचा क्रमांक वेगळा असतो, तेही जुळवा. बोटीवर कोणाचं कर्ज थकलेलं नाही ना, याची खात्री पैसे देण्याआधी करा. ट्रेलरच्या टायरवर शेवटी चार आकडे असतात, त्यातले पहिले दोन टायर बनल्याचा आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. नक्षी शाबूत दिसली तरी टायर जुना असेल तर बदला. बोटींचे ट्रेलर रस्त्यात अडकतात ते टायर आणि चाकांच्या बेअरिंगमुळे.

आणि चालकाजवळची पाटी वाचा. तिच्यावर किती माणसं आणि किती वजन चालेल ते लिहिलेलं असतं. काही बोटींवर इंग्रजी अक्षराने वर्गही दिलेला असतो. ‘सी’ वर्गाची बोट २ मीटरपर्यंतच्या लाटांचा विचार करून आखलेली असते, ‘डी’ वर्गाची साधारण ३० सेंटिमीटरच्या. मोठ्या तलावावर वारा सुटला की लाटा आखूड आणि उभ्या येतात, समुद्रापेक्षाही कधीकधी जास्त त्रासदायक. तुमचा तलाव मोठा असेल तर ‘डी’ वर्गाची बोट नवी मिळाली तरी नको. यजमानांच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथे आहे, बोटीच्या वयात नाही. बोट कोणतीही घ्या, त्यात नांगर आणि पुरेसा दोर, दोन वल्ही, प्रत्येकाच्या मापाचं लाइफजॅकेट आणि मदत मागायचं चालू साधन असू द्या. चालवणाऱ्याच्या अंगाला इंजीन बंद करणारा दोरा जोडलेला असू द्या. इंजीन चालू असताना मुलांना मागच्या फळीवर बसू देऊ नका. धूर तिथेच साठतो, आणि त्यातल्या विषारी वायूला वास नसतो.

एक विनंती आहे. काहीही ठरवण्याआधी तीन-चार वेळा बोट भाड्याने घ्या, एकदा वाऱ्याच्या दिवशीही. यजमानांना सुकाणू धरू द्या. बंद इंजिनाची बोट नांगर टाकून धरून ठेवता येते हे एकदा स्वतःच्या हातांनी केलं की त्यांची भीती आटोक्यात येईल, आणि तुम्हा दोघांना किती मोठी बोट पेलते तेही कळेल.

मग मालकांना फोन करा. आम्ही येईपर्यंत इंजीन सुरू करू नका, एवढंच सांगा. पोचल्यावर आधी इंजिनाच्या झाकणावर हात ठेवा. आणि त्या दिवशी मुलांना घरी ठेवा, त्यांनी एकदा बोट आपली मानली की तुम्हाला नाही म्हणणं जड जाईल.